कमी आकड्याची खुर्ची

धुलाई कारखान्यात तिला सगळे मास्तरीण म्हणत. स्वतः शिकलेली सातवीपर्यंत, आणि शिकवलं तर कुणालाच नव्हतं. पण इस्त्रीच्या मोठ्या रोलरवर चादर सोडताना समोरच्या बाईचं टोक बोटभर जरी वाकडं गेलं, तरी ती मशीन थांबवून नुसती बघत उभी राही. एक शब्द बोलत नसे. त्या बघण्यावरून नाव पडलं. "चार शिव्या घातल्या असत्यास तर परवडलं असतं गं बाई," असं बायका म्हणत.

कारखान्यात हॉस्पिटलांच्या चादरी येत. गाठोड्यांनी येत, नको नको ते डाग घेऊन येत, आणि संध्याकाळी पांढऱ्या होऊन, घड्या पडून परत जात. मास्तरीण रोलरवर एकोणीस वर्षं होती. वाफेनं तिच्या हातांवरची लव कधीच जळून गेली होती.

नवरा टेम्पो चालवायचा. एका दुपारी माल उतरवून झाल्यावर तो स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. हमालांना वाटलं, डुलकी काढतोय. चांगल्या मनाची माणसं, त्यांनी त्याला तासभर झोपू दिलं. सेहेचाळीस वर्षांचा होता. जन्मात कुणी त्याचं ब्लडप्रेशर मोजलं नव्हतं. सरकारी दवाखान्यातली नर्सबाई नंतर म्हणाली, "बीपी असणार." नवऱ्याच्या जाण्याइतकंच मास्तरणीला ते 'असणार' लागलं. पंचवीस वर्षं माणूस शेजारी झोपला, आणि त्याच्या अंगात काय चाललं होतं ते विचारायला गेलं तर उत्तर काय, असणार.

महिन्याभरानं ती स्वतःच दवाखान्यात गेली. तिचंही वाढलेलं निघालं. दवाखाना दोन बस बदलून जायचा, पहाटे रांग लावायची, गोळ्या हातात पडेपर्यंत दुपार. एका खाड्याला पगार कापला जायचा दोन दिवसांचा. वस्तीतली माणसं एकदा जाऊन यायची आणि पुन्हा तिकडे फिरकायची नाहीत. म्हणून नर्सबाईनं एक नवीन योजना सांगितली. वस्तीतल्याच कुणीतरी बीपी मोजायचं मशीन सांभाळायचं, ज्यांना बीपी आहे अशांना जमवायचं, मोजायचं, एकमेकांना गोळ्यांची आठवण करायची. गट नीट चालला आणि आकडे खाली आले, तर सगळ्यांच्या गोळ्या महिन्यातून एकदा एका पिशवीतून वस्तीतच येतील.

"मी सांभाळते मशीन," मास्तरीण म्हणाली. नर्सबाईचं वाक्यसुद्धा पुरं झालं नव्हतं.

गुरुवारी कारखाना बंद असे. एक गुरुवार सोडून एक, दुपारी तिच्या खोलीत बारा माणसं जमायची. खोली ती केवढी! एका भिंतीला पलंग, दुसऱ्या भिंतीला गॅस, मधे दोन सतरंज्या, आणि नवऱ्यानं कुठल्याशा ऑफिसच्या भंगारातून उचलून आणलेली एक हातांची खुर्ची. अकरा बायका आणि एक पुरुष. पुरुष म्हणजे वॉचमनकाका. पहिल्या दिवशी तो दारातच घुटमळला. तेव्हा बाजारात भाजी विकणारी मावशी म्हणाली, "या की आत. आमच्यात बसून काय तुमच्या मिशा गळणारेत?"

खुर्चीची गंमत त्यानंच काढली. "असं करू," तो म्हणाला, "ज्याचा आकडा सगळ्यात कमी, खुर्ची त्याची. ज्याचा सगळ्यात जास्त, त्यानं दाराशी बसायचं, चपला राखायच्या."

सगळे हसले, आणि ते तसंच सुरू झालं. मास्तरीण पट्टा बांधायची, मशीन घरघरायचं, पट्टा फुगून बसायचा, आणि ती आकडा मोठ्यानं वाचायची, शाळेतल्या हजेरीसारखा. मग टाळ्या, नाहीतर टोमणे.

"एकशे सत्तर? काय गं, काल मिठाच्या पोत्यावर झोपली होतीस का?"

"वॉचमनकाका, तुम्ही चोर सोडून जिन्याचीच राखण करता वाटतं. चढा की जरा!"

माणसं यायला लागली. यायला लागली म्हणजे दहा मिनिटं आधीच यायला लागली. आकडे उतरू लागले. पाचव्या महिन्यात पहिली पिशवी आली. वर्ष उलटता उलटता नर्सबाईच्या फायलीत या गटाचे आकडे सगळ्यांत देखणे होते. ती म्हणाली, "मोठ्या ऑफिसातून साहेब येणारेत तुमचा गट बघायला. पिशवी कायमची करायची की नाही, ते ठरवतील." त्या दिवशी मास्तरीण घरी आली ती चालत नव्हतीच, तरंगत होती. गोळीनं तिचे घोटे सुजायचे, चपलेचा पट्टा रुतायचा. तेही त्या दिवशी जाणवलं नाही.

या सगळ्यात तिला एकच काटा होता. तिची धाकटी जाऊ.

धाकटी त्याच कारखान्यात घड्या घालायची. अंगानं भरलेली, तोंडानं त्याहून. मुकादमाची नक्कल करायची, नर्सबाईची करायची, पाठीमागे मास्तरणीच्या बघण्याचीही करायची. पहिले सहा महिने दारातली जागा तिचीच. एकशे शहाऐंशी. एकशे ब्याण्णव. एकशे चौऱ्याऐंशी. दर वेळी मास्तरीण आकडा वाचायची आणि तिच्याकडे बघायची.

"बघू नका हो ताई असं," धाकटी म्हणायची, "तुम्ही बघितलं की अजून चार वाढतात."

"गोळी घेतेस ना रोज?"

"घेते की."

"शपथ?"

"आता शपथेचीपण गोळी आहे का? आणा, तीपण गिळते."

आणि मग एका गुरुवारी तिचा आकडा एकशे चव्वेचाळीस आला. पुढच्या खेपेला एकशे बत्तीस. खुर्ची मिळाली. धाकटी त्या खुर्चीत अशी बसली की जणू लग्नाच्या मांडवात बसवलीय, पाय हलवत, सगळ्यांकडून पाणी मागत. मास्तरणीचा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी पहिल्यांदाच तिनं जावेच्या पाठीवरून हात फिरवला.

तीन महिन्यांनंतर, एका सोमवारी सकाळी, धाकटी जोडीदारणीबरोबर चादरीची घडी घालत होती. चादर एकटीला घडी घालता येत नाही. दोघी चार टोकं धरतात, ओढतात, जवळ येतात, एकीची टोकं दुसरीच्या हातात देतात. धाकटीच्या हातून टोक सुटलं. जोडीदारणीनं उचलून दिलं. पुन्हा सुटलं. धाकटी काहीतरी बोलली, तोंड वाकडं करून. बायका हसल्या. रोलरवरून मास्तरणीनं ते हसणं ऐकलं, मान वळवून पाहिलं, आणि तिलाही वाटलं, झाली हिची नक्कल सुरू. तिनं पुढची चादर सोडली. तिच्यानंतर आणखी दोन सोडल्या. मग हसणं एकदम थांबलं.

चादरी न्यायच्या व्हॅनमधूनच धाकटीला हॉस्पिटलात नेलं. मेंदूतली नस फुटली होती. जगली. पण उजवं अंग गेलं, आणि बोलणं गेल्यासारखंच. जे शब्द यायचे ते दगड उचलल्यासारखे एकेक करून यायचे.

गट हादरला. नर्सबाई येऊन म्हणाली, "असं होतं कधीकधी, सगळं नीट असूनही. तुम्ही खचू नका. आकडे चांगले आहेत तुमचे. साहेब पुढच्या महिन्यात येतायत." मास्तरणीनं मान हलवली. सगळं नीट असूनही. नवऱ्याच्या वेळी 'असणार' होतं, आता 'असूनही'.

आठवड्यानं ती जावेच्या खोलीवर कपडे आणायला गेली. दीर हॉस्पिटलात होता. लुगड्यांच्या खाली एक पत्र्याचा डबा होता, गच्च भरलेला. तिनं झाकण काढलं. गोळ्यांची पाकिटं. दर महिन्याची तीन तीन, रबर लावून नीट ठेवलेली. धाकटीचं काम नेहमीच नेटकं. प्रत्येक जुडग्यात दोन पाकिटं न उघडलेली, आणि एकातल्या आठ गोळ्या गेलेल्या. दुसरं जुडगं, तेच. तिसरं, तेच. आठ.

मास्तरीण जमिनीवर बसली. महिन्याला बैठका दोन. प्रत्येकीच्या आधी चार.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात तिनं घडीच्या जोडीदारणीला गाठलं. त्या बाईनं आधी तोंडाला कुलूप लावलं, मग पदरानं डोळे पुसले. "ताई, तुम्हाला काय सांगायचं! तिची गोळी लघवीची. घेतली की अर्ध्या अर्ध्या तासाला जावं लागतं. आणि आमच्या टेबलाला बिल्ला एक. आठ बायका."

बिल्ला म्हणजे खिळ्याला टांगलेला पितळेचा चकतीएवढा तुकडा. संडासला जायचं तर तो हातात घेऊन जायचं, तो परत आल्याशिवाय दुसरीनं हलायचं नाही. ही मुकादमाची शिस्त. रोलरवर बिल्ला नव्हता, कारण रोलरवरच्या बायका मशीन थांबल्याशिवाय हलूच शकत नव्हत्या. मास्तरणीची गोळी वेगळी होती. तिला याचा पत्ताच नव्हता.

"मग बैठकीआधीचे चार दिवस?"

"ते चार दिवस ती माझी पाळी मागून घ्यायची. म्हणायची, गुरुवार आला, आता मला दे, मला खुर्चीत बसायचंय. आम्ही हसायचो."

मास्तरणीला त्या दिवशी रोलरवर उभं राहवेना. एकच प्रश्न डोक्यात गरगरत होता. धाकटी एकटी होती का? बारा माणसांचे ते देखणे आकडे खरे होते, की गुरुवारचे होते? आणि खोटे निघाले तर? साहेब पुढच्या महिन्यात. पिशवी कायमची व्हायची ती. गप्प बसलं तर पिशवी येत राहील. पण कुणाच्या डब्यात?

मंगळवारी कामावरून सुटल्यावर तिनं मशीन पिशवीत घातलं आणि घरोघर निघाली. कुणाला आधी कळवलं नाही.

भाजीवाली मावशी रिकाम्या पाट्या धूत होती. "आज? आज गुरुवार थोडाच आहे?"

"हात दे."

एकशे अठ्ठ्याहत्तर. मावशीनं हात काढून घेतला. "हे बघ मास्तरणी, बाजारात बायकांना मोरी नाही. पहाटे चारला बसते ती दुपारी दोनला उठते. मी पाणीसुद्धा पीत नाही, आणि तू म्हणतेस लघवीची गोळी घे! ती गोळी देणाऱ्याला एकदा माझ्या पाट्यांमागे बसव."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"चपला राखायला बसवलं असतंस म्हणून."

वॉचमनकाका ड्यूटीला निघत होता, टोपी घालत होता. "परीक्षा सांगून घ्यावी, मास्तरीणबाई," तो हसत म्हणाला. आकडा एकशे ब्याण्णव आला, तेव्हा हसणं विरलं. "गोळीनं गुंगी येते," त्यानं जमिनीकडे बघत सांगितलं. "पहाऱ्यावर डोळा लागला, तर नोकरी जाईल. दोन दिवस आधी घेतो. सगळेच घेतात. तुम्हाला माहीत नव्हतं?"

गल्लीच्या टोकाला राहणारी शिलाईवाली मशीनवरच बसली होती. तिनं न विचारताच हात पुढे केला, आणि पट्टा फुगत असतानाच रडायला लागली. ती गोळीचे दोन तुकडे करायची. पुरी घेतली की चक्कर येई, आणि दोरा सुईत जाईना. एकशे अडुसष्ट.

अकरा माणसं राहिली होती. त्यातल्या आठ जणांचं वाढलेलं निघालं.

रविवारी कामावरून सुटल्यावर ती हॉस्पिटलात गेली. धाकटीला उशांना टेकवून बसवलं होतं. मास्तरणीनं तिचा डावा हात हातात घेतला. "का नाही बोललीस गं? बिल्ल्याचं मला एकदा तरी बोलायचंस."

धाकटीनं ओठ जुळवले. सुटले. पुन्हा जुळवले. "तू," ती म्हणाली. आयुष्यभर ताई, अहो-जाहो, आणि आता शब्द वाचवायचे म्हणून तू. "तू... बघ... तेस."

मास्तरणीनं नजर वळवली आणि तिची सरकलेली उशी नीट केली.

सोमवारी तिनं खाडा केला, दोन बस बदलल्या आणि नर्सबाईपुढे आठ आकडे लिहिलेला कागद ठेवला. नर्सबाईनं तो वाचला. उठून खोलीचं दार लावलं.

"हे कशाला लिहिलंत?"

"खरे आहेत म्हणून."

"अहो, मी वर्षभर तुमचे आकडे वर पाठवलेत. साहेब येणारेत. हे कळलं तर ते म्हणतील, गट बिनकामाचा. पिशवी बंद. सगळ्यांची नव्यानं तपासणी, इथे येऊन, रांग लावून. किती जण येतील? तुम्हीच सांगा, किती?"

"निम्मे."

"मग? पिशवीतून निदान गोळी घरात तरी येतेय. आज ना उद्या घेतील. मी गुपचूप समजावते एकेकाला."

नर्सबाई वाईट बाई नव्हती. तिच्या बोलण्यात तथ्य होतं, आणि तेच मास्तरणीला जड गेलं. कागद परत घेऊन पदरात खोचला असता, तर कुणीच तिला बोललं नसतं. बाहेर रांगेत एक मूल रडत होतं.

"माझ्या जावेचीही गोळी घरात येत होती," ती म्हणाली. "डबाभर आहे अजून. पाठवा तुम्ही कागद. आणि खाली लिहा, कुणाला कुठली गोळी का झेपत नाही ते. मी सांगते एकेकाचं."

नर्सबाईनं लिहून घेतलं.

साहेब आलेच नाहीत. पिशवी बंद झाली. तशी चिठ्ठी आली, दोन ओळींची. वस्तीत आग लागल्यासारखं झालं. भाजीवाली मावशीनं भर रस्त्यात पाटी खाली ठेवून तिला फैलावर घेतलं. "लई खरी बोलणारी! तुझ्या खरेपणानं माझी गोळी येणारे का? आता एक दिवस बाजार बुडवून मी तिकडे मरायला जाऊ?" वॉचमनकाका ती समोरून आली की गल्ली बदलू लागला. कारखान्यात मास्तरीण आणि घडीच्या दोघी मुकादमाकडे गेल्या, टेबलाला आणखी एक बिल्ला द्या म्हणून. मुकादम म्हणाला, "एक आहे तेच खूप आहे. नाहीतर तोही काढून टाकतो." पुढच्या आठवड्यात मास्तरणीला रोलरवरून काढून ओल्या कपड्यांच्या हौदावर टाकलं. एकोणीस वर्षांनंतर. सुजलेल्या घोट्यांनी दिवसभर पाण्यात उभं राहायचं.

पुढच्या बैठकीच्या गुरुवारी खोलीत चार जणी आल्या. मास्तरणीनं एकेकीला पलंगाच्या कडेला घेऊन मोजलं, आकडा तिच्याच कानात सांगितला. टाळ्या नाहीत, टोमणे नाहीत. खोली फार शांत वाटली, आणि ती शांतता तिला सोसवेना. मग तिनंच विचारलं, "दवाखान्यात कोण येतं माझ्याबरोबर? रांग मी पहाटे जाऊन लावते."

दोघी आल्या. शिलाईवाली, आणि ती घडीची जोडीदारीण. धाकटीचं तसं झाल्यावर तिनं पहिल्यांदाच स्वतःचं मोजून घेतलं होतं, आणि तिचंही वाढलेलं होतं.

तपासायला नवा डॉक्टर होता, कोवळा, झोप न झालेल्या डोळ्यांचा. पाच तासांच्या रांगेनंतर शिलाईवालीचा नंबर आला. मास्तरीण सोबत म्हणून आत गेली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. डॉक्टरनं पट्टा बांधला, आकडा पाहिला, आणि मान वर न करता विचारलं, "गोळी रोज घेता?"

"हो," शिलाईवाली म्हणाली. सवयीनं. आणि लगेच तिनं भिंतीकडे पाहिलं.

मास्तरीण तिच्याकडे बघत नव्हती. फरशीकडे बघत होती, आपल्या सुजलेल्या पावलांकडे.

"नाही," शिलाईवाली म्हणाली. "अर्धी घेते."

डॉक्टरचं पेन थांबलं. "का?"

"चक्कर येते. मग सुई दिसत नाही. मी शिवते ना, कॉलर लावते शर्टाला, नगावर पैसे मिळतात."

त्यानं पहिल्यांदाच तिच्या तोंडाकडे पाहिलं. पायानं स्टूल ढकलून दिलं. "बसा. कधीपासून येते चक्कर? उठताना येते, की बसल्या बसल्या?"

ती सांगू लागली. बाहेर रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अहो, आत काय संसार थाटलाय का?" मास्तरणीनं हात लांब करून दार लोटून घेतलं.